पाच लिटरचं माप

आकाराम चौगले एकोणतीस वर्षं एकाच पेट्रोल पंपावर उभा होता. पंप शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला, एका अंगाला फौंड्र्या आणि दुसऱ्या अंगाला ऊस. एवढ्या वर्षांत ‘झिरो बघा, पावणं’ असं म्हटल्याशिवाय त्यानं एकदाही नोझल टाकीत घातली नव्हती. गिऱ्हाईक बघो न बघो. बहुतेक जण बघत नसतच. कुणी मोबाईलमध्ये, कुणी खिसे चाचपतंय, कुणी नुसतीच मान हलवतंय. पण समोरच्याची नजर मशीनकडं वळल्याशिवाय आकारामचा हात खटक्यावर जात नसे. मागची रांग हॉर्न वाजवायला लागली की तो म्हणे, "वाजवू द्या त्यास्नी. तुमी आदी झिरो बघा." पंपावर त्याला सगळे झिरोमामा म्हणत, आणि तो ओ देत असे.

ही सवय त्याला लावली थोरल्या मालकांनी. आकारामचं फौंड्रीतलं हंगामी काम सुटलं तेव्हा त्यांनी त्याला पंपावर घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "आकाराम, दूधवाला, सोनार आन् पंपवाला, ह्या तिघांवर लोकांचा इस्वास बसत न्हाय. म्हणून आपण दाखवूनच भरायचं." हे त्यांनी पंपावरच्या प्रत्येकाला सांगितलं होतं. बाकीच्यांनी ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. आकारामनं मात्र इतकं मनावर घेतलं की पुढंपुढं थोरले मालकच वैतागून म्हणायचे, "आरं, झालं की आता, भर लौकर." आता थोरले मालक वारले होते आणि त्यांचा मुलगा धैर्यशील गल्ल्यावर बसत होता. आकारामचं चालूच होतं.

घर गडमुडशिंगीत. पोटाला मुलगी एकच, ती नांदायला गेलेली. दारात दोन म्हशी, आणि बायको बाळाबाई गल्लीतल्या पंधरा-वीस घरांना रतीब घालायची. तिथंही आकारामचाच कायदा. माप काठोकाठ भरायचं, वर फेस आला तर तो खाली बसू द्यायचा, आणि मग पुन्हा काठोकाठ करायचं. लग्न झालं तेव्हा बाळाबाईला या प्रकाराचा राग यायचा. मग तिच्या ध्यानात आलं की गल्लीत दुसऱ्यांच्या म्हशींचं दूध उरतं आणि आपलं उरत नाही. ‘आकारामच्या घरचं दूध म्हंजे मापाकडं बघाय नको’ असं बायका बोलायच्या. आकारामला ना जमीन, ना बँकेत काही. पण गल्लीतनं जाताना त्याची मान ताठ असायची ती या एका वाक्यावर.

पंपावर एक पाच लिटरचं स्टीलचं माप असतं. अरुंद गळ्याचं, गळ्यावर मिलीच्या खुणा, आणि अंगावर वजनमापं खात्याचा शिक्का. कुठलंही गिऱ्हाईक म्हणू शकतं की मोजून दाखवा, आणि मग दाखवावंच लागतं. रोज सकाळी पंप चालू व्हायच्या आधी आकाराम ते माप बाहेर काढी. आधी त्यात पेट्रोल भरून ओतून टाकी, मग माप उपडं धरून अर्धा मिनिट निथळू देई, आणि त्यानंतरच खरं मोजायला लागे. माप असं ओलं केल्याशिवाय मोजायचं नसतं. कोरड्या मापाच्या भिंतीला पेट्रोल चिकटून राहतं आणि आकडा कमी दिसतो. एकदा ओलं झालं की चारही मशीनचं मोजून होईपर्यंत पुन्हा करायला लागत नाही. पाच लिटरमागं पंचवीस मिली इकडंतिकडं झालं तर कायद्याला चालतं. आकारामला दहाच्या वर गेलेलं चालत नसे. पंधरा दिसले की तो धैर्यशीलच्या डोक्याशी बसे, मेकॅनिक येईपर्यंत.

हे सगळं एकदा त्र्यंबक सरांनी पाहिलं. सर निवृत्त शिक्षक, कसबा बावड्यातल्या नव्या वसाहतीत राहायचे. मुलगी शिरोलीत दिलेली, म्हणून दिवसाआड स्कूटरवरून यायचे आणि जाताना पेट्रोल घ्यायचे. एकदा सकाळी लवकर आले तर आकाराम माप उपडं धरून उभा.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"कोरडं माप पेट्रोल पितंय सर. आदी त्येला पाजायचं, मग मोजायचं."

सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी तिथंच उभं राहून द्रव पदार्थ भांड्याला का चिकटतो यावर दहा मिनिटं शिकवलं. आकारामनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग म्या काय वेगळं सांगितलं?" सर खो खो हसले. तेव्हापासून दोघांची दोस्ती. सर आले की आकाराम स्वतः जाऊन त्यांची स्कूटर भरायचा, आणि सर एकटेच असे होते जे न सांगता झिरो बघायचे.

पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि लोकांना वाचा फुटली. कोल्हापूरच ते. इथं पानाच्या टपरीवरचा माणूसही जगाच्या राजकारणावर आपलं मत राखून असतो आणि न विचारता देतो. टाकी भरायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आकारामच्या कानावर रोज शे-दीडशे कारणं पडायची. एक म्हणे दिल्लीचा कर, दुसरा म्हणे मुंबईचा कर. तिसरा अरबांना शिव्या घाली, चौथा रुपया पडला म्हणे, पाचव्याला कुठल्यातरी लढाईची खबर आतल्या गोटातून मिळालेली असे. आणि शेवटी प्रत्येक जण आकारामकडं वळून विचारी, "का वो मामा, कवा कमी करतासा?" जसा काही दर रोज सकाळी आकारामच घरून ठरवून आणत होता.

सुरुवातीला तो हसून म्हणे, "मी फकस्त भरतोय, पावणं. झिरो बघा." पुढं पुढं हसू आटलं. लोक दर वाचून टाकीचं झाकण असं उघडायचे की जणू शिवीच हासडली. कुणी पैसे हातात न देता मशीनवर टाकायचे. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. सगळं दिसत असून एका शब्दानं उलट बोलायची सोय नव्हती. अंगात पंपाचा गणवेश होता.

मग इथेनॉल आलं. म्हणजे आधीपासून होतंच, पण पेट्रोलमध्ये वीस टक्के झालं आणि गाड्यांचं ॲव्हरेज पडलं अशी बोंब उठली. आता इथेनॉल निघतं उसापासून, आणि उसावर तर हा सगळा जिल्हा जगतो. त्यामुळं कोल्हापूरच्या माणसाला दोन्हीकडून बोलावंसं वाटायचं. ‘ऊस आमचा, इथेनॉल आमचं, मग दर का कमी न्हाय?’ हा सवाल चौकाचौकात, तालमीत, लग्नाच्या पंगतीत फिरायला लागला. सवालाला उत्तर काही मिळेना. मिळत नाही म्हटल्यावर आपल्या गावात जे होतं तेच झालं. कृती समिती निघाली.

समितीचा निमंत्रक विजयसिंह. स्वतःचा आठ एकर ऊस, तालमीत कमावलेलं अंग, आणि आवाज असा की माईक नुसता शोभेला. आंदोलनासाठी त्यांनी नेमका हाच पंप धरला, कारण हायवेवरून लगेच वळून येता येतं आणि पुढं गाड्या लावायला जागा आहे. मे महिन्यातला गुरुवार ठरला. धैर्यशीलनं पोलिसांना कळवलं आणि पंपावरच्या कामगारांना बजावलं, "कुणी काय बोललं तरी गप ऱ्हायचं. त्यांचं भांडण सरकारशी हाय, आपल्याशी न्हाय."

त्या सकाळी आकारामनं मोजमाप जरा जास्तच निगुतीनं केलं. तीन मशीन तंतोतंत. एक दहा मिली कमी दाखवत होतं, म्हणजे नियमात बसणारं. त्यानं वहीत आकडे लिहिले, सही केली आणि माप ऑफिसच्या पायरीवर उन्हात ठेवून दिलं. एरवी तो ते आत ठेवायचा. आज म्हटलं, जवळ असलेलं बरं.

अकराच्या सुमाराला हलगी वाजत मंडळी आली. बैलगाडीवर हार घातलेली मोटरसायकल, दोन-तीनशे माणसं, आणि पुढं मोबाईल उंच धरून वल्लरी. ही पोरगी इथल्याच एका इंटरनेट चॅनेलची बातमीदार. चलाख होती, पण लबाड नव्हती, हे पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवतो.

विजयसिंहनं दणक्यात सुरुवात केली. "ऊस आमचा! इथेनॉल आमचं! आन् दर त्यांचा?" टाळ्या, हलगी, घोषणा. मग अभ्यासू माणूस म्हणून त्र्यंबक सरांना बोलायला उभं केलं. सरांनी कागदावर आकडे काढून आणले होते. लिटरमागं कर किती, तेल किती, कंपनीचं किती, पंपाचं किती, असं त्यांनी शिकवायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यालाच एक जण ओरडला, "आदीच्या सरकारचं पन सांगा की!" दुसरा ओरडला, "आत्ताचं झोपलंय काय?" सर म्हणाले, "कर दोन्हीकडे आहेत, मी दोन्ही सांगतोय." पण दोन्ही ऐकायला तिथं कुणी आलंच नव्हतं. एवढ्यात एक गॅरेजवाला उभा राहिला. म्हणाला, सगळं दुखणं इथेनॉलचं, इंजिनं खराब व्हायला लागलीत. त्याबरोबर चार ऊसवाले अंगावर गेले. "इथेनॉलला नाव ठिवू नगंस! त्येच्यावर आमची बिलं निघत्यात!" गॅरेजवाल्याची कॉलर धरली गेली. सर मध्ये पडले तर त्यांनाच कुणीतरी म्हणालं, "तुमी बसा वो सर. पेन्शनीवर हायसा, तुमास्नी काय झळ?" सरांच्या हातातला कागद खाली पडला आणि पायाखाली गेला.

विजयसिंह माईकवर "शांत! शांत!" ओरडत होता. दर कुणामुळं वाढला यावर आंदोलन तिथंच दुभंगलं होतं. दोन-चार मिनिटांत हाणामारी झाली असती आणि वल्लरीला तीच बातमी मिळाली असती. तेवढ्यात मागच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "दराचं ऱ्हाऊ द्या. ही पंपवाली माप तरी पुरं देत्यात काय?"

मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि या वेळी सगळे एकच बोलत होते. गॅरेजवाला आणि त्याची कॉलर धरणारा, दोघंही मान हलवत होते. माझी टाकी बारा लिटरची, त्यात तेरा बसवलं. परवा शंभराचं टाकलं, काटा हललाच नाही. इतका वेळ सापडत नव्हतं ते कारण सगळ्यांना एकदम सापडलं. ते गणवेश घालून चार पावलांवर उभंच होतं.

धैर्यशीलनं गप्प राहायला सांगितलं होतं. कुणी आकारामचं नावही घेतलं नव्हतं. पण एकोणतीस वर्षं झिरो दाखवत आलेला माणूस, त्याला कसं राहवणार? तो गर्दीतनं पुढं झाला. पायरीवरचं माप उचललं आणि म्हणाला, "मोजून बघा की. ह्ये हाय माप. शिक्का बघा. मोजा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"तूच वत," विजयसिंह म्हणाला. "आमी बघतो."

आकारामनं नोझल उचलली. "झिरो बघा," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोनशे माणसांनी एकदम झिरो बघितला. मशीन त्यानं तेच निवडलं, सकाळी दहा मिली कमी दाखवणारं. अवघड मशीनवरच दाखवून देतो, असं त्याच्या मनात होतं. रोज सकाळी पहिल्या मशीनला माप ओलं व्हायचं आणि हे मशीन मोजायला तो शेवटी यायचा, तेव्हा माप ओलंच असायचं. हाताला तीच सवय. हातानं सरळ नोझल मापात घातली आणि खटका दाबला. पाच लिटरला मशीन थांबलं.

तो गुडघ्यावर बसला आणि डोळा खुणेच्या रेषेत आणला. पेट्रोल खुणेच्या खाली होतं. दहा नाही, पंधरा नाही. पस्तीस.

त्याला वाटलं डोळ्यात घाम गेला असेल. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. पस्तीसच. आणि मग त्याला मापाची पाठ दिसली, उन्हानं तापलेली, कोरडी ठणठणीत.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा जरा. माप वलं करायचं ऱ्हायलं. वलं करून परत मोजाय लागतंय. चूक झाली माजी. आत्ता परत दावतो, बरोबर ईल."

"काय वलं करायचं?"

"माप. आदी पेट्रोलनं वलं करून निथळाय लागतंय..."

पुढचं हसण्यात बुडून गेलं. "कुणाच्या पैशानं वलं करतोस मर्दा?" "आमच्या टाक्या पन वल्या करून आणू काय?" हलगीवाल्यानं एक कडाका काढला. आकाराम दोन्ही हातांनी माप धरून सांगत होता, नियम आहे, वजनमापंवाल्यांना विचारा, एकदा, एकदाच परत मोजू द्या. विजयसिंहनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाजूला केलं. अगदी हळू केलं, हे खरं. "मामा, एकदा झालं त्ये झालं," तो म्हणाला. विजयसिंह काही वाईट माणूस नव्हे. त्याला त्याचं आंदोलन परत मिळालं होतं, ते त्याला सोडवेना.

आकारामची नजर सरांवर गेली. सर तीन हातांवर उभे होते, चुरगळलेला कागद खिशात घालत.

"सर," आकाराम म्हणाला, "तुमास्नी ठावं हाय. तुमी सांगा की ह्यास्नी."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. मग गर्दीकडं बघितलं. मग त्यांनी हेल्मेट डोक्यात घातलं आणि त्याचा पट्टा लावायला लागले. तो पट्टा त्यांना बराच वेळ लागेना. तोवर घोषणा सुरू झाल्या होत्या.

वल्लरीची चित्रफीत अडतीस सेकंदांची होती. तिच्यात आकाराम गुडघ्यावर बसतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, "चूक झाली माजी." तिथंच ती संपते. संध्याकाळी सहाला आकाराम गडमुडशिंगीत पोचायच्या आधी ती पोचली होती. वेशीवर कट्ट्यावरची पोरं त्याला बघून एकदम गप्प झाली. रोज राम राम घालणारा किराणा दुकानदार पोत्याच्या मागं काहीतरी शोधायला लागला. बाळाबाईनं जेवण वाढलं आणि विचारलं, "तसं का म्हणालासा वो, चूक झाली म्हणून?"

"झालीच की चूक," आकाराम म्हणाला. "माप वलं केलं न्हवतं."

तिला कळलं. गल्लीला कसं कळणार होतं?

तिसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली. त्यांनी स्वतःचं माप आणलं होतं. ते त्यांनी आधी ओलं केलं, निथळलं, आणि चारही मशीनं मोजली. सगळं नियमात. त्यांनी तसा कागद दिला, शिक्क्यासकट. वल्लरीनं तोही दाखवला, आणि माप ओलं का करतात हेही नीट समजावून सांगितलं. पहिली फीत लाखभर लोकांनी बघितली होती. ही बघितली चारशे-साडेचारशे जणांनी, आणि खाली पहिलंच वाक्य कुणीतरी लिहिलं होतं, ‘किती घेतले?’ धैर्यशीलनं तो कागद ऑफिसच्या काचेवर चिकटवला. पेट्रोल घ्यायला थांबलेले लोक तो वाचायचे आणि एकमेकांकडं बघून हसायचे.

गिऱ्हाईक घटलं. लोक आकारामच्या मशीनपुढची रांग सोडून दुसऱ्या रांगेत जायला लागले. आठ दिवसांनी धैर्यशीलनं त्याला आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि बराच वेळ पेनशी खेळत बसला.

"काका, मला ठावं हाय तुमचं काय चुकलं न्हाय."

"मग झालं की."

"पण लोकं... थोडं दिवस तुमी हवा भराय बसा. लोकं इसरली की परत मशीनवर या."

आकारामनं चहा घेतला नाही. उठला आणि हवेच्या मशीनपाशी जाऊन स्टुलावर बसला. रागवायचं कुणावर? धैर्यशील खोटं बोलत नव्हता, वल्लरी खोटं बोलली नव्हती, फितीतला आकाराम खुद्द आकारामच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोर कोण हेच कुणाला सापडलेलं नव्हतं. दर होता तिथंच होता. त्यावरची भांडणं मात्र थंडावली होती, कारण आता लोकांना कारण माहीत झालं होतं. फटफटीवाले हवा भरून घेताना म्हणायचे, "हवा तरी पुरी भर, मामा." काही जण हे चेष्टेनं म्हणायचे. तेच जास्त लागायचं.

दोन आठवड्यांनी त्र्यंबक सर आले. पेट्रोल न घेता स्कूटर सरळ हवेपाशी आणली. टायरमध्ये हवा भरपूर होती, तरी आकाराम खाली बसून झाकण काढायला लागला.

"आकाराम," सर म्हणाले, "माझं चुकलं त्या दिवशी."

आकारामनं झाकण फिरवून काढलं.

"मला आधीच सगळ्यांनी गप्प बसवलं होतं. मी तुझ्या बाजूनं बोललो असतो तर म्हणाले असते, हाही पंपवाल्याचाच माणूस. माझं कुणी ऐकलं नसतं."

आकारामनं नळी लावली, काटा बघितला आणि नळी काढली. मग उभा राहून म्हणाला, "सर, कर सांगितलासा, तेल सांगितलासा, कंपनीचं सांगितलासा. कुणी ऐकत नसताना बी सांगितलासा. ह्ये एकच सांगायचं हुतं."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिशातून पैसे काढले, पण हवेचे पैसे नसतात हे त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच उभे राहिले. शेवटी आकारामच म्हणाला, "जावा सर. ऊन व्हाय लागलंय." त्यानंतर सर त्या रस्त्यानं यायचे बंद झाले. शिये फाट्यावरच्या पंपावर पेट्रोल घेतात, असं कुणीतरी सांगितलं.

आकारामनंही महिनाअखेरीला काम सोडलं. धैर्यशीलनं चार वेळा ‘राहा’ म्हटलं, पण पाचव्यांदा म्हटलं नाही. घरी बसला तरी आकाराम पहाटेच उठायचा, म्हशींचं करायचा, धारा काढायचा. बाळाबाईला बरं वाटलं. तिला वाटलं, पंपाचं पंपावर राहिलं. इथं आपली माणसं आहेत.

एका सकाळी शेजारची विठाबाई दुधाला आली. सत्तरीची म्हातारी, तीस वर्षांचा रतीब. बाळाबाईच्या बाळंतपणात हिनं शेक दिला होता. रोज ती पातेलं घेऊन यायची. आज पातेल्यात अर्ध्या लिटरचं एक ॲल्युमिनियमचं माप होतं, पोचे पडलेलं, कुठल्यातरी जत्रेत घेतलेलं.

"अगं बाळे," ती खालच्या मानेनं म्हणाली, "ह्येच्यानं घालतीस काय आजपास्नं? नातू लई मागं लागलाय. मोबाईलात काय बगितलंय त्येनं. मी म्हटलं त्येला, आमच्यात तसलं काय न्हाय म्हणून. पर ऐकंना."

बाळाबाईचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तोच ओसरीवर बसलेला आकाराम म्हणाला, "घाल त्येच्यानं."

बाळाबाईनं आपलं अर्ध्या लिटरचं माप रोजच्यासारखं काठोकाठ भरलं आणि ते विठाबाईच्या मापात ओतायला लागली. विठाबाईचं माप भरलं. पोचे पडून ते आत दबलं होतं. बाळाबाईच्या मापाच्या तळाशी चांगलं पेलाभर दूध उरलं. बाळाबाईनं आकारामकडं बघितलं. हे दूध विठाबाईचंच होतं. रोज मिळत होतं ते. ते वरून तिच्या पातेल्यात घालायला ती वाकली, आणि आकारामनं उठून तिचा हात धरला.

विठाबाईनं आपलं भरलेलं माप डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, काठाला बोट लावलं, आणि तिच्या सुरकुतल्या तोंडावर समाधान आलं. "आता कसं," ती म्हणाली. "आता बरोबर बसलं बघ." आकारामकडं बघून ती हसलीसुद्धा, जुन्या मायेनं. मग दूध पातेल्यात ओतलं, माप कनवटीला अडकवलं आणि पदर सावरत गेली.

बाळाबाई मापातलं उरलेलं दूध बघत उभी होती. जन्मात पहिल्यांदा त्या घरातनं कुणाला कमी गेलं होतं.

"ह्येचं काय करू?" तिनं विचारलं.

"च्यात घाल," आकाराम म्हणाला.

तिनं घातलं. चहा दाट झाला. आकारामनं कप हातात घेतला, बराच वेळ नुसता धरून बसला, आणि मग तसाच खाली ठेवला. वर साय धरली.